पेरणाऱ्याच्या दाखल्यातली जमीन कोणी तयार करायची?




मंडळीतून माणसे गळतात, आणि गळणाऱ्यांबद्दल आपल्याकडे उत्तर ठरलेले असते: जमीनच खडकाळ होती. बाप्तिस्मा घेऊन दोन वर्षांत दिसेनासे झालेले कुटुंब असो, दृढीकरणानंतर फक्त नाताळात देवळात दिसणारा तरुण असो, की लेकराचा आजार बरा झाला नाही म्हणून प्रार्थनाच सोडून दिलेली आई असो, पेरणाऱ्याचा दाखला काढायचा, खडकाळ जमिनीचा भाग वाचून दाखवायचा आणि पुढच्या विषयाकडे वळायचे. हे पत्रक त्या उत्तराविरुद्ध काढले आहे. यांचा विश्वास उथळ राहिला, कारण तो त्यांना कोणी शिकवलाच नाही. ज्यांनी शिकवायचे त्यांनी जमिनीला दोष दिला आणि अंग काढून घेतले.

दाखला पुन्हा वाचा. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात प्रभू त्याचा उलगडा करतो तेव्हा वाटेवर पडलेल्या बीसारख्या माणसाबद्दल काय सांगतो? त्याने वचन ऐकले, पण त्याला ते समजले नाही. आणि चांगल्या जमिनीतल्या माणसाबद्दल? त्याने ऐकले आणि त्याला समजले. दोघांनी ऐकले तेच वचन, फरक पडला तो समजण्यात. आता समज ही कोणी आईच्या पोटातून घेऊन येत नाही. पारनेर-संगमनेरकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, मुरमाड रान बापजाद्यांनी तसेच टाकले असते तर आज तिथे कुसळेच उगवली असती. पिढ्यान् पिढ्या दगड वेचले, ताली घातल्या, तळ्यातला गाळ वाहून आणला, तेव्हा कुठे त्या रानाला खोली आली. बी वाया गेले म्हणून रानाला शिव्या देणाऱ्याला त्याच्या गावात कोणी शेतकरी म्हणणार नाही.

आपल्याच मराठी मंडळीचा इतिहास काय सांगतो? नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला. त्यानंतर वाचन, विचार, पत्रव्यवहार आणि स्वतःशी झगडा यांत सुमारे दोन वर्षे गेली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये बेळगावात बाप्तिस्मा घेतला तोही काही वर्षे शोध घेतल्यावर. पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर प्रत्येक पाळकाने लक्षात ठेवावे असे आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की धर्म हाती आला तरी ख्रिस्त भेटायचा राहिला होता, आणि ती भेट घडायला पुढे आणखी सुमारे आठ वर्षे जावी लागली. शास्त्रांत पारंगत असलेल्या बाईला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे लागली. मग तीन रात्रींच्या उज्जीवन सभेत हात वर केलेल्या माणसाला चौथ्या दिवशी विहिरीवर नेऊन बाप्तिस्मा द्यायचा, फोटो काढायचा, अहवालात आकडा टाकायचा आणि पाचव्या दिवशी पुढच्या गावाला जायचे, याला सेवा कशी म्हणायची?

यावर काहीजण लगेच प्रेषितांची कृत्ये उघडून दाखवतील. कूशी षंढाला फिलिप्पाने रस्त्यातच बाप्तिस्मा दिला, पेन्टेकॉस्टच्या दिवशी तीन हजारांनी एकाच दिवसात घेतला, मग आमचे काय चुकले? चुकले हे की तुम्ही तो वृत्तान्त अर्धाच वाचता. तो कूशी अधिकारी यरुशलेमेला उपासना करून परतत होता आणि रथात बसून यशया वाचत होता. जे वाचतोस ते समजते का, असे फिलिप्पाने त्याला आधी विचारले आणि मग बसून उलगडून सांगितले. त्या तीन हजारांवर तर लहानपणापासून नियमशास्त्राचे आणि स्तोत्रांचे संस्कार होते, आणि बाप्तिस्म्यानंतर ते प्रेषितांच्या शिक्षणात टिकून राहिले, हे लूकाने त्याच अध्यायात नोंदवले आहे. पुढे परराष्ट्रीय लोक मंडळीत येऊ लागले. त्यांच्यामागे ती तयारी नव्हती, म्हणून प्राचीन मंडळीने बाप्तिस्म्याआधी शिक्षणाचा काळ ठरवला. रोमकडच्या एका जुन्या मंडळी-नियमात तो तीन वर्षांचा आहे. ख्रिस्ती म्हणवणे जिवावर बेतू शकत होते, त्या काळातला हा नियम. ज्याला उद्या किंमत मोजावी लागेल त्याला आज नीट शिकवले पाहिजे, हे त्यांना कळत होते.

दुसरा आक्षेप बाहेरून येतो, आणि तो ऐकून आपण मान खाली घालतो. दुष्काळात भाकरीसाठी आलेल्यांचा विश्वास कुठून टिकणार? १८७६ ते १८७८ च्या आणि पुढे १८९६ ते १९०० या काळातल्या दुष्काळांत अनेक घराणी मंडळीत आली, हे खरे आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही. भुकेल्याला अन्न देणे ही प्रभूची आज्ञाच आहे. माणूस कोणत्या कारणाने उंबऱ्यात आला यावरून तो टिकेल की नाही हे ठरत नसते. उंबरा ओलांडल्यावर त्याच्यासाठी काय केले, यावरून ते ठरते. रमाबाईंनी दुष्काळी भागातून शेकडो मुली केडगावला आणल्या. त्या मुली पोटासाठीच आल्या होत्या. तिथल्या रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना अक्षरओळख झाली, शास्त्र शिकायला मिळाले, हाताला काम मिळाले. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचे सोपे मराठी भाषांतर करत होत्या, आणि त्या बायबलचे खिळे जुळवण्याचे व छपाईचे काम याच संस्थेतल्या मुलींनी आणि बायांनी केले. उपाशी आलेल्या मुलीच्या हातून शास्त्राचे पान छापून निघाले. तिला उथळ म्हणण्याची कोणाची छाती आहे?

आता जरा दूर, जपानात चला. ही गोष्ट आपल्याला परकी नाही, कारण तिच्यात एक वसईकर आहे. गोन्सालो गार्सिया वसईत जन्मला. त्याला धर्मगुरूची दीक्षा नव्हती, तो साधा फ्रान्सिस्कन बंधू होता. पण जपानी भाषा त्याला उत्तम येत होती, म्हणून मिशनऱ्यांचा दुभाषा होऊन तो लोकांना शिकवत राहिला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवण्यात आले, त्यांत तो होता. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले आणि आज वसईत त्याच्या नावाचे कॉलेज आहे. इतके आपण सांगतो आणि थांबतो. पुढे काय झाले ते सांगत नाही.

१६१४ मध्ये जपानच्या सत्ताधाऱ्यांनी ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. धर्मगुरूंना हाकलले, लपलेल्यांना शोधून मारले, आणि १६४४ च्या सुमारास शेवटचाही गेला. देवळे पाडली. नागासाकीत लोकांना दरवर्षी ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय द्यायला लावत, म्हणजे ख्रिस्ती कोण ते सापडावे. आपल्या हिशोबाने तिथली मंडळी वीस वर्षांतच संपायला हवी होती. पण १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीला परदेशी लोकांसाठी नव्याने बांधलेल्या देवळात उराकामी गावचे काही शेतकरी आले आणि तिथल्या फ्रेंच धर्मगुरूला त्यांनी हळूच सांगितले की आमचेही अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. त्या धर्मगुरूचे नाव पेतिजाँ. दोनशेहून अधिक वर्षे ही माणसे धर्मगुरूवाचून, देवळावाचून, प्रभुभोजनावाचून ख्रिस्ती राहिली होती.

कशाच्या बळावर? शेतकऱ्या-कोळ्यांनी आपसांत कामे वाटून घेतली होती. एकजण सणांची तिथी सांभाळी, एकजण बाप्तिस्मा देई, एकजण घरोघरी निरोप पोचवी. मिशनऱ्यांनी बंदीपूर्वीच प्रश्नोत्तरांतली धर्मशिक्षणाची पुस्तके जपानी भाषेत छापली होती. त्यांतले लोकांनी पाठ केले आणि आईबापांनी मुलांकडून पाठ करून घेतले. पश्चात्तापाची एक प्रार्थनाही त्यांना ठाऊक होती. पाय द्यावा लागला की घरी येऊन ते रडत ती प्रार्थना म्हणत. पाठांतरातले काही शब्द पिढ्यांच्या ओघात विकृत झाले, हे लपवण्याचे कारण नाही. बंदी उठल्यावर सगळेच मंडळीत परतले असेही नाही. पण १८६७ नंतर पुन्हा छळ झाला, उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपार केले, त्यांतले सहाशेहून अधिक मेले, तरी उरलेले १८७३ मध्ये परत आले आणि तिथेच मंडळी म्हणून उभे राहिले. आपल्याकडे देवळाला संगमरवरी फरशी आहे, साउंड सिस्टीम आहे, पगारी पाळक आहे. आणि दृढीकरणाला उभ्या असलेल्या मुलाला प्रेषितांचा मतांगीकार म्हणायला सांगितला तर अर्ध्यावर अडतो.

नाइलाजाने प्रतिमेवर पाय देणाऱ्या त्या लोकांवरून आणखी एक सांगतो. कितीतरी दलित ख्रिस्ती कुटुंबांच्या जातीच्या दाखल्यावर आजही धर्म हिंदू असतो, आणि त्यावरून मंडळीतलीच खातीपिती माणसे त्यांना बेगडी ठरवतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात घेतले गेले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. बाप्तिस्म्याने गावातली जात पुसली गेली नाही, सवलत मात्र गेली. अशा घरातल्या मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न ज्याला कधी पडला नाही त्याने दाखल्यावरून विश्वासाची खोली मोजू नये. विश्वास कुठे उथळ आहे हे शोधायचेच असेल तर जिथे काहीच पणाला लागलेले नाही तिथे आधी पाहा.

आणि पाहायला हवे ते सभांच्या व्यासपीठावर. आजाऱ्यासाठी प्रार्थना करणे योग्यच आहे, आम्हीही करतो. पण येशूकडे या म्हणजे नोकरी लागेल, मूल होईल, व्हिसा मिळेल, कर्ज फिटेल, असे सांगून बोलावलेल्या माणसाला सुवार्ता सांगितलेली नाही. त्याच्याशी सौदा केला आहे. नोकरी लागली नाही की त्याच्या मते सौदा मोडला, आणि तो निघून गेला तर तो सौद्याप्रमाणेच वागला म्हणायचे. त्याला ईयोबाचे पुस्तक कोणी वाचून दाखवले होते का? गेथशेमाने बागेत खुद्द पुत्राने प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली आणि प्याला टळला नाही, हे कोणी सांगितले होते का? अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, हे कळले असते तर प्रार्थना सोडून दिलेली ती आई लेकराच्या उशाशी बसून तेच स्तोत्र म्हणाली असती. तिच्यावर जे कोसळले त्यासाठी शास्त्रात शब्द होते. ते आपण तिच्यापर्यंत पोचवले नाहीत.

तरुणांचेही तेच. पुण्याच्या हॉस्टेलवरून मुलगा सुट्टीत घरी येतो आणि विचारतो की सृष्टी सहा दिवसांत कशी झाली, चांगल्या माणसांना दुःख का, इतर धर्मांतल्या माझ्या मित्रांचे काय. त्याला उत्तर मिळते, प्रश्न विचारू नकोस, विश्वास ठेव. थोमाने विचारले तेव्हा प्रभूने त्याला हाकलले नाही, जखमा दाखवल्या. ज्या घरात प्रश्नाला बंदी आहे त्या घरातून मुलगा श्रद्धेसकट बाहेर पडतो.

पूर्वी असे नव्हते. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये सुमारे ११,००० ओव्यांचे ख्रिस्तपुराण छापले ते नव्या ख्रिस्ती लोकांनी वाचायला काहीतरी मागितले म्हणून. त्यांच्या जिभेवर ओवी होती, तर ओवीतच त्यांना तारणाचा सगळा इतिहास मिळाला. नगरकडे ख्रिस्ती कीर्तने होत. रात्रभर वीणा-टाळांवर शास्त्रातली आख्याने चालत आणि निरक्षर म्हातारीलाही योसेफाची गोष्ट तोंडपाठ असे. गावोगावी शाळेचा मास्तरच रविवारी उपदेशक असे, बायबलबाई चुलीपाशी बसून वचन शिकवत. ज्ञानोदय हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ पासून निघत होते आणि ते घराघरांत मोठ्याने वाचले जाई. हे सगळे आपण एकेक करून मोडू दिले. मंडळीची ताकद जमिनींच्या दाव्यांत, ट्रस्टच्या निवडणुकांत आणि कोर्टाच्या तारखांत खर्ची पडली. त्यावर अधिक लिहिण्याची इच्छा नाही, वाचणाऱ्यांना सगळे ठाऊक आहे.

म्हणून आम्ही मागतो ते असे. प्रौढ माणसाला बाप्तिस्मा देण्याआधी किमान एक वर्ष शिक्षण द्या, आणि तो मागत असला तरी घाई करू नका. दृढीकरणाचा वर्ग ईस्टरच्या तोंडावरचे सहा रविवार असतो, तो दोन वर्षांचा करा आणि त्यात ईयोब, स्तोत्रे, डोंगरावरचे प्रवचन आणि मंडळीचा इतिहास पाठ्यक्रम म्हणून घ्या. मुलांना लेखी प्रश्न विचारू द्या आणि पाळकसाहेबांनी प्रत्येकाचे उत्तर द्यावे. ज्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तिथे तसे सांगावे. हे सगळे एकट्या पाळकाला झेपणार नाही, म्हणून प्रत्येक वाडीत एक स्त्री आणि एक पुरुष निवडून त्यांना आधी शिकवा, आणि पास्टरेटच्या खर्चात त्याची तरतूद करा. रंगरंगोटी एक वर्ष पुढे ढकलली तरी चालेल. आईबापांनी रात्रीच्या जेवणानंतर घरात एक अध्याय मोठ्याने वाचावा आणि त्यावर मुलांना बोलू द्यावे. याला पैसा लागत नाही.

येत्या वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत हा विषय यावा, असा लेखी अर्ज प्रत्येक सभासदाने आपल्या सेक्रेटरीकडे द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. विषय घेतला नाही तर सभेत उभे राहून का घेतला नाही ते विचारावे.

आपले,
मंडळीतील काही सभासद