लस टोचली, हिशेब कुठाय?



लाळ्या-खुरकूत हटवायला केंद्र सरकारने 2019 साली 13,343 कोटींचा कार्यक्रम काढला (त्यात सांसर्गिक गर्भपातही आला). 2030 पर्यंत रोग नाहीसा, हा वायदा. जनावराच्या कानात 12 आकडी बिल्ला आला. बाटलीत काय आहे, ते मात्र कुणी सांगत नाही. 2020 साली लशीचे नमुने चाचणीत नापास झाले, हे किती गोठ्यांना कळवले?

निम्मी जनावरे वाचवायला जेवढी लस लागते त्याच्या किमान तिप्पट ताकद एका मात्रेत हवी, हे जागतिक माप आहे. तीही ओ, ए आणि एशिया-1 या तिन्ही विषाणूंसाठी वेगवेगळी. चाचणीत उतरलेली बाटलीसुद्धा 2 ते 8 अंश थंडाव्यातच गोठ्यापर्यंत यायला हवी. उन्हातून पिशवीत आली तर टोचणे नुसते नावाला. बियाणे उगवले नाही तर निदान तक्रार करता येते. लस फोल गेली, दूध आटले, ऐन पेरणीत बैल बसला, तर दाद कुणाकडे?

आम्हाला फुकट काही नको. टोचण्याआधी बाटलीचा गट क्रमांक आणि चाचणीचा आकडा चावडीवर लावा. लसीनंतर रक्त तपासता, त्याचा तालुकावार अहवाल द्या. प्रत्येक तालुक्याने हा ठराव पशुधन विकास अधिकाऱ्यांना द्यावा, आणि पोच घ्यावी.