ऋतूंचे पुस्तक व साधी राहणी

ज्या पुस्तकात गोष्ट नाही, नायक नाही, लग्न नाही की कोर्टकचेरी नाही, असे पुस्तक साठसत्तर वर्षे लोक पुन्हा पुन्हा का वाचतात, असा प्रश्न आमच्या एका वाचकबंधूंनी आम्हांस केला आहे. त्यांच्या मनात दुर्गाबाई भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ होते. हे पुस्तक 1956 साली प्रसिद्ध झाले. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका मराठी महिन्यावर एकेक लेख, एवढाच त्याचा संसार. झाडाला पालवी कधी फुटली, फूल कोणत्या रंगाचे, आभाळाची कळा कशी पालटली, हे बाईंनी डोळे उघडे ठेवून पाहिले व लिहिले.

दुर्गाबाईंचा जन्म 1910 साली इंदुरात झाला. होळकरांच्या या राजधानीत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. राजवाड्याच्या आसपास आजही मराठी बोल कानी पडतात. बाईंच्या धाकट्या भगिनी कमलाबाई सोहोनी यांचाही जन्म तेथलाच. त्या मोठ्या शास्त्रज्ञ झाल्या व गरिबाच्या पोटाला नीरेचा काय उपयोग होतो याचा त्यांनी अभ्यास केला. (आमच्या किनाऱ्यावरील ताडामाडांच्या वाडीत वाढलेल्या मंडळींना ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते.) दुर्गाबाईंचे उच्च शिक्षण मुंबईस येशूसंघीय फादरांच्या सेंट झेवियर्स कॉलेजात झाले. पुढे त्या आदिवासींच्या लोकजीवनाच्या अभ्यासासाठी मध्य प्रांताच्या रानांत हिंडल्या. तेथे विषारी सुरण खाण्यात आल्याने त्यांना दीर्घ दुखणे जडले व कित्येक वर्षे अंथरुणास खिळून राहावे लागले. ज्याला उठून चार पावले टाकणे दुर्घट होते, त्याला खिडकीबाहेरच्या झाडाची किंमत कळते. निरोगी माणूस त्याच झाडाखालून रोज जातो आणि पानगळ झाली की झाडणाऱ्यावर ओरडतो!

दुर्गाबाईंनी आणखी एक उपकार केला आहे. अमेरिकेतील हेन्री डेव्हिड थोरो या लेखकाचे ‘वॉल्डन’ हे पुस्तक त्यांनी ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने मराठीत आणले. थोरो 4 जुलै 1845 रोजी वॉल्डन नावाच्या तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहावयास गेला व तेथे दोन वर्षे दोन महिने राहिला. झोपडी दहा फूट रुंद व पंधरा फूट लांब. तिला खर्च किती आला हे त्याने पैपैचा हिशेब मांडून छापले आहे: अठ्ठावीस डॉलर व साडेबारा सेंट. फळ्या किती, खिळे किती, चुना किती, सारे मांडले आहे. त्याने शेतात घेवड्याचे पीक काढले, त्याचाही जमाखर्च दिला आहे. निसर्गावर लिहिणारा माणूस हिशेबाला इतका चोख असावा याचे आम्हांस प्रथम नवल वाटले. पुढे कळले की त्याच्या साऱ्या विचाराचे मूळच त्या हिशेबात आहे. एखादी वस्तू घेताना आपण रुपये मोजतो असे आपणांस वाटते; वास्तविक ते रुपये मिळविण्यासाठी खर्ची पडलेले आयुष्याचे दिवस आपण मोजत असतो, असे त्याचे सांगणे.

त्याच्यावर टीकाही पुष्कळ झाली. त्याच्या आईचे घर तेथून चालत जाण्याइतके जवळ होते, तो पोरका एकान्तवासी मुळीच नव्हता, असे लोक म्हणतात. आणि ते खरे आहे. आम्ही मात्र यात फार मोठा दोष मानीत नाही. आईकडे जेवावयास जाणारा माणूस ढोंगी ठरत असेल तर आपल्या गावांत सज्जन उरेल कोण? त्याच्या पहिल्या पुस्तकाच्या हजार प्रतींपैकी सातशेहून अधिक विकल्याच गेल्या नाहीत व प्रकाशकाने त्या त्याच्या घरी परत धाडल्या. गृहस्थाने त्या आपल्या पाठीवरून माडीवर वाहून नेल्या आणि पुन्हा लिहावयास बसला. 1862 साली क्षयाने तो वारला तेव्हा त्याचे वय अवघे 44 होते.

आता आमच्या वाचकांच्या मनातील खरी शंका. एक शेतकरी भगिनी म्हणेल, “साधी राहणी आम्हांला काय शिकविता? आमची राहणी आहेच साधी. ती आम्ही निवडली नाही, नशिबाने दिली आहे. पावसाचे वर्णन शहरातल्यांनी गॅलरीत बसून वाचावे. आमचा आवण पुरात वाहून जातो.” हे बोलणे आम्ही हलके लेखीत नाही. दारिद्र्य ही एक गोष्ट आणि साधेपणा ही दुसरी. पोर आजारी पडले व औषधाला पैसा नाही, या स्थितीला जो सद्‌गुण म्हणेल त्याने शुभवर्तमान वाचले नाही असे खुशाल समजावे. परंतु त्याच घरात लग्न निघाले म्हणजे मांडव, बॅण्ड, सोने व जेवणावळी यांसाठी कर्ज काढले जाते, ते फेडण्यासाठी वडिलार्जित वाडीचा तुकडा विकला जातो आणि पुढची पिढी दुसऱ्याच्या कंपाउंडात पहारेकरी म्हणून उभी राहते. हा प्रकार वसईपासून रायगडापर्यंत कोणी पाहिला नाही? थोरोचा हिशेब येथे लागू पडतो. त्या एका दिवसाच्या थाटासाठी बापाच्या आयुष्यातील किती वर्षे गेली, हे कोणी वहीवर मांडून पाहत नाही.

रानातील फुलांकडे पाहा असे आमच्या प्रभूने डोंगरावर सांगितले, तेव्हा ऐकणारे कोण होते? कोळी होते, शेतकरी होते, रोजंदारीचे मजूर होते. उद्याची चिंता करू नका हे बोल त्याने भरल्या कोठाराच्या धन्याला ऐकविले नाहीत, ज्यांना चिंता करण्यास पुरेपूर कारण होते त्यांना ऐकविले. असिसीचा संत फ्रान्सिस डोळ्यांच्या व्याधीने जवळजवळ आंधळा झाला असता, 1225 च्या सुमारास, त्याने सूर्याला भाऊ व पाण्याला बहीण म्हणून स्तोत्र रचले. त्याच स्तोत्रातील शब्द घेऊन परमगुरू फ्रान्सिस यांनी 2015 साली ‘लाउदातो सी’ हे विश्वपत्र जगास दिले. सृष्टीचा आक्रोश व गरिबांचा आक्रोश एकाच कानाने ऐकावा असा त्याचा आशय आहे. वसईचे कै. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हिरव्या वसईसाठी झगडले व लिहितही राहिले. 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. दुर्गाबाई 1975 साली कऱ्हाडच्या संमेलनाच्या अध्यक्षा होत्या. देशात आणीबाणी होती, व्यासपीठाजवळ सत्ताधारी होते, आणि बाईंनी आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थना करावयास सभेला सांगितले. पुढे त्यांना कारावास भोगावा लागला. थोरोही अन्याय्य कर न भरल्याबद्दल 1846 साली एक रात्र तुरुंगात होता. फुलापानांवर लिहिणारी माणसे मवाळ असतात असा समज असेल त्यांनी हे ध्यानात घ्यावे. ज्यांच्या गरजा थोड्या, त्यांना धमकी देणे कठीण जाते.

इंदुराची एक गोष्ट सांगावयाची राहिली. 1924 साली तेथे वनस्पती-उद्योगाची एक संशोधन संस्था निघाली व आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ तिचे प्रमुख झाले. हिंदुस्थानातील शेतकरी व पिकांवरील कीड हेच आपले गुरू, असे ते मानीत. काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत भिजलेली माती व राख यांचे थर रचून, ते ओले ठेवून, तीन वेळा उलटेपालटे करून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत त्यांनी बसविली. यशवंत वाड हे त्यांचे सहकारी. दोघांच्या नावावर 1931 साली या विषयावरील पुस्तक निघाले. जगभर ही रीत ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. 1935 साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरास आलेले गांधीजी हे खत पाहावयास त्या संस्थेत गेले होते. आमच्या आजीचा उकिरडा व साहेबांचा खड्डा यांत फरक फक्त थर, ओलावा व हवा यांच्या शिस्तीचा. पण ती शिस्त येण्यासाठी एका माणसाला कुजणाऱ्या पाल्याजवळ वर्षानुवर्षे बसून पाहावे लागले. दुर्गाबाईंनी झाडाजवळ बसून तेच केले.

तेव्हा आमच्या वाचकबंधूंना आमचे उत्तर असे आहे: ही पुस्तके टिकतात, कारण आपण जेथे राहतो ती जागा ती आपणांस परत दाखवितात. आपल्या घरांतही एक ऋतुचक्र आहेच. उपवासकाळ आला की पांगारा फुलतो, झावळ्यांच्या रविवारी आंब्याला कैऱ्या लोंबतात. ईस्ट इंडियन वस्त्यांत आगेऱ्याला नवे भात देवळात नेतात, गोव्यात कणसांचे फेस्त होते. हे सारे आजी-आजोबांच्या तोंडी आहे, लिहिलेले फारच थोडे. ज्या घरी नातवंडे शाळेत जातात त्यांनी एक शंभरपानी वही घ्यावी. आजीने सांगावे व नातीने लिहावे: चिंच कधी मोहरली, कोणत्या वर्षी विहीर आटली, कोणता पक्षी पूर्वी येत असे व आता येत नाही. आणि सायंकाळची जपमाळ झाल्यावर ‘ऋतुचक्रा’तील एक लेख मोठ्याने वाचावा. पुस्तक ग्रामवाचनालयात मागितल्यास मिळते. पहिल्या पानापासूनच आरंभ करावा असे नाही. हा अंक ज्या महिन्यात हाती पडेल, त्या महिन्याचा लेख प्रथम काढावा.