सोसण्याचं कौतुक पुरे

‘कोकणी माणूस खंबीर. एवढं नुकसान झालं, पण रडत बसला नाही.’ ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या बोर्ली पंचतनला जो येई, तो हे ऐकवून जाई. आधी बरं वाटायचं. पुढे लक्षात आलं, जो रडत नाही त्याला द्यावंही कमी लागतं.

आमची वाडी गुंठ्यांतली. माड, मधे सुपारीच्या पोफळी, पोफळींवर मिरीचे वेल. त्या दुपारी काही तासांत निम्म्याहून जास्त वाडी आडवी झाली. सासूबाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “आधी विहिरीकडची वाट मोकळी करा. रडायला अख्खा पावसाळा पडलाय.” गावात सगळ्यांचं असंच चाललं होतं. हातातलं काम उरकायचं, मग पुढचं बघायचं. वीज नाही म्हणून पंप नाही, पाणी दोराने काढायचं. बाजारात ताडपत्रीला आणि खिळ्यांना रांग. ज्याच्याकडे जनरेटर, त्याच्या ओटीवर अख्ख्या आळीचे मोबाइल. रेंज नव्हती, तरी लोक चार्ज करून ठेवत. लॉकडाऊनमुळे चाकरमानी मुंबईत अडकलेले. मग आज तुमच्या वाडीत, उद्या आमच्या, अशी करवत फिरली. याला धीर म्हणायचं तर म्हणा. आम्हाला दुसरा इलाज नव्हता.

मदतीचा हिशेब मात्र ऐकण्यासारखा आहे. बागायतीला हेक्टरी ५० हजार जाहीर झाले. म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये! इथे हेक्टरभर वाडी आहे कोणाकडे? त्यातून सातबारा सामाईक, त्यावर चुलत्यांची आणि आत्यांची नावं, निम्मे मुंबईला. ओरड झाल्यावर निकष झाडावर आला : माडाला २५० रुपये, पोफळीला ५०. आडवी पोफळ तोडून बाहेर ओढायलाच आमची त्याहून जास्त मजुरी गेली.

श्रीवर्धनी रोठा सुपारीला मान आहे, श्रीवर्धनला सुपारी संशोधन केंद्रही आहे. रोपं मिळतात. पण रोप लावल्यापासून सुपारी हातात यायला सहा-सात वर्षं जातात, तोवर घर कशावर चालवायचं? शिवाय पंचनाम्यात पडलेली झाडं मोजली, उभी राहिलेली कोणी बघितली नाहीत. पोफळ दाटीत वाढणारी. शेजारची गेली की पश्चिमेचं ऊन थेट खोडावर येतं, खोड भाजतं, तडकतं, आणि वर्षा-दोन वर्षांनी तीही जाते. तेव्हा वादळ नसतं, म्हणून पंचनामाही नसतो. नवी रोपं रुजतात न रुजतात तोच मे २०२१मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं. त्या रात्री डोळा लागला नाही.

मला सहानुभूती नको असं नाही, ती कोणाला नको असते? पण भरपाई झाडाच्या वयावर ठरवा. रोप ते पीक या मधल्या वर्षांचा घरखर्च त्यात धरा. सामाईक सातबाऱ्यावर वाडी कसणाऱ्याला पैसे मिळतील अशी सोय करा. उभी राहिलेली झाडं वर्षभराने पुन्हा मोजायला माणूस पाठवा. आणि पुढच्या वादळानंतर आमचा खंबीरपणा बघायला याल, तेव्हा करवत चालवणारे चार जण सोबत घेऊन या.