लीगच्या कॅलेंडरमध्ये लाइम रॉक का हवा

सिम रेसिंगच्या हंगामी लीगची वेळापत्रके शेजारी-शेजारी ठेवून पाहिली, तर तीच सहा-आठ नावे फिरून फिरून दिसतात: स्पा, मॉन्झा, सिल्व्हरस्टोन, नुर्बुर्गरिंग, इंटरलागोस, सुझुका. मुंबई-पुणे पट्ट्यातील लीगही त्याला अपवाद नाहीत. खंडाळा, लोणावळा, तळेगाव या बाजूने आलेल्या पत्रांत यंदा एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत आहे. हंगामात एखादी फेरी लाइम रॉकला किंवा त्सुकुबाला ठेवली की बरेच स्पर्धक त्या आठवड्यात फिरकत नाहीत, आणि जे येतात ते पहिल्या दोन लॅपमध्येच एकमेकांवर आदळतात. मग आयोजक पुढच्या हंगामात ती फेरीच काढून टाकतात. तक्रार खरी आहे, पण तिच्यावर शोधलेला उपाय साफ चुकीचा आहे. पहिल्या दोन लॅपमध्ये गाड्या का आदळतात, याचे उत्तर त्या ट्रॅकमध्ये नाही, स्पर्धकांच्या सरावात आहे.

स्पाची लांबी ७ किलोमीटर. जीटी३ गाडीने तिथे एका लॅपला सव्वादोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. म्हणजे तिथल्या ला सूर्स या वळणाला ब्रेक सोडण्यात झालेली चूक सुधारून पाहण्याची पुढची संधी सव्वादोन मिनिटांनी येते, तासाभरात पंचवीस-सव्वीस वेळा. नुर्बुर्गरिंगचा नॉर्डश्लाइफे तर २०.८ किलोमीटरचा. तिथे तासभर घालवूनही एकेक वळण हाताखालून सात-आठ वेळाच जाते, आणि चालक ज्याला शिकणे समजतो ते बहुतांशी पाठांतर असते. लाइम रॉकवर एमएक्स-५ मिनिटाच्या आसपास लॅप पुरा करते. तेवढ्याच तासात प्रत्येक वळण साठच्या घरात वाट्याला येते, मागच्या प्रयत्नाची हाताला आणि पायाला झालेली जाणीव पुसली जाण्याआधी पुढचा प्रयत्न सुरू होतो. मोठ्या ट्रॅकचा दुसरा तोटा असा की लांब सरळ रस्त्यावर स्लिपस्ट्रीम मिळतो आणि वळणात गमावलेले दोन-तीन दशांश सेकंद त्यात झाकले जातात. चालकाला आपण बरे चालवतो असे वाटत राहते. छोट्या ट्रॅकवर झाकायला जागा नसते.

लाइम रॉक पार्क हा अमेरिकेतील कनेटिकट राज्यातील ट्रॅक १९५७ साली सुरू झाला. लांबी सुमारे २.४ किलोमीटर, सात वळणे, त्यांतले डावे एकच. आयरेसिंगच्या मूळ सदस्यत्वातच तो येतो. ओकायामा, समिट पॉइंट आणि लगुना सेकाही त्याच यादीत आहेत. त्यामुळे ‘ट्रॅक विकत घ्यावा लागतो’ ही सबब इथे चालत नाही. सरळ रस्ता संपताच येणारे बिग बेंड हे उजवे वळण लांब आणि दोन एपेक्सचे आहे. नवख्या चालकाची टेलिमेट्री उघडली की ब्रेकची रेघ तिथे भिंतीसारखी दिसते: एकदम वर, थोडा वेळ सपाट, एकदम खाली. ब्रेक एका झटक्यात सुटतो, पुढच्या चाकांवरचा भार उतरतो, गाडी अंडरस्टिअर करते, आणि चालक स्टिअरिंग आणखी वळवतो. स्टिअरिंगची रेघ वर चढत असताना पुढचे डावे टायर घासले जात असते. पहिला एपेक्स हुकतो, दुसऱ्यापर्यंत गाडी बाहेर फेकली जाते, आणि लगेच येणाऱ्या एकुलत्या एका डाव्या वळणासाठी ती चुकीच्या बाजूला उभी असते. सरावलेल्या चालकाची ब्रेकची रेघ वर तितक्याच वेगाने जाते, पण खाली येताना उतार लांबत जातो आणि पहिल्या एपेक्सजवळ शून्याला टेकतो. ट्रेल ब्रेकिंगवर कितीही व्हिडिओ पाहिले तरी हा उतार पायात बसत नाही. लोडसेल पेडलवर, एकाच वळणावर, लागोपाठ पन्नास-साठ वेळा केल्यानेच तो बसतो.

उरलेली वळणेही एकेक गोष्ट तपासतात. अपहिलला चढ गाडीला आधार देतो, माथ्यावर तो आधार अचानक काढून घेतला जातो. तिथे गॅस लवकर दाबणाऱ्याची मागची बाजू सुटते. शेवटचे डाउनहिल हे उतरते उजवे वळण मुख्य सरळ रस्त्यावर सोडते. त्यात एक किलोमीटर प्रतितासाचा फरक पडला तर तो पूर्ण सरळ रस्ताभर भोगावा लागतो. शिवाय जवळजवळ सगळी वळणे उजवी असल्याने डावीकडचे टायर तापतात. वीस मिनिटांच्या स्टिंटमध्ये पुढचे डावे टायर कोण सांभाळतो, हे शेवटच्या पाच मिनिटांत उघड होते.

जपानमधील त्सुकुबा १९७० चा, लांबी २.०४५ किलोमीटर. आयरेसिंगमध्ये आणि ग्रान तुरिस्मो ७ मध्ये तो आहे. हेअरपिनमध्ये उशिरा ब्रेक लावून पुढे घुसण्याचा मोह इथे नडतो. दुसऱ्या हेअरपिनमधून गाडी कशी सुटली यावर मागचा सरळ रस्ता अवलंबून, आणि त्यानंतरचे लांबलचक शेवटचे वळण धीराचे. स्टिअरिंग एका जागी स्थिर धरून केवळ गॅसने गाडीचा रोख बदलायचा, हे कसब त्या एका वळणावर जितके शिकता येते तितके अख्ख्या मॉन्झावर शिकता येत नाही.

इटलीतील उंब्रियामधला माजोने अडीच किलोमीटरचा, सपाट, हळू वळणांचा. असेटो कोर्साच्या मूळ संचात तो पहिल्यापासून असूनही बहुतेकांनी तो कधी उघडलेला नसतो. कमी अश्वशक्तीची गाडी घेऊन वेग टिकवण्याचा सराव तिथे करावा. ओकायामाबद्दल फार सांगायला नको. १९९४ आणि १९९५ साली तिथे फॉर्म्युला वनची पॅसिफिक ग्रां प्री झाली होती, एवढ्यावरून तो दुय्यम ट्रॅक नाही हे कळावे. ब्रँड्स हॅचच्या आखूड इंडी मांडणीत पॅडक हिल हे एकच वळण पुरेसे आहे: माथ्यावरून पलीकडचे काही दिसत नाही, ब्रेक अंदाजाने लावावा लागतो आणि गाडी खाली कोसळत असतानाच वळवावी लागते.

कॅडवेल पार्कचा उल्लेख मात्र थोडा विस्ताराने करायला हवा. इंग्लंडमधील लिंकनशरच्या या ट्रॅकवर १९३४ पासून शर्यती होत आल्या. लांबी साडेतीन किलोमीटर, रुंदी अगदी बेताची. ऑटोमोबिलिस्टा २ मध्ये तो उपलब्ध आहे. माउंटन या चढावर पुढची चाके हलकी होतात. त्या क्षणी स्टिअरिंग वळलेले असेल तर चाके पुन्हा टेकताच गाडी त्या दिशेला झेपावते. लगेच झाडीतले हॉल बेंड्स सुरू होतात, जिथे ओव्हरटेक करायला जागाच नाही. लीगमधल्या अपघातांचे मोठे कारण म्हणजे पुढच्याने जागा द्यावी ही अपेक्षा, आणि कॅडवेलवर ती पहिल्याच लॅपमध्ये मोडते. मागे राहायचे, दबाव ठेवायचा, पुढच्याची चूक होईपर्यंत थांबायचे. हे न शिकलेल्यांना मोठ्या ग्रिडमध्ये उतरवणाऱ्या प्रशिक्षकांनी आपल्या कामाचा विचार करावा. तयार सेटअपच्या फाइली विकणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

पावसाचेही तसेच. लोणावळा-खंडाळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण इथल्या लीगमध्ये ओली फेरी क्वचित दिसते. आयरेसिंगमध्ये २०२४ पासून पाऊस आहे, असेटो कोर्सा कॉम्पितित्सिओनेमध्ये त्याच्याही आधीपासून. ओल्या ट्रॅकवर नेहमीच्या रेषेवरचे रबर निसरडे होते आणि पकड रेषेबाहेर शोधावी लागते. हा शोध आखूड ट्रॅकवर करावा, म्हणजे दर मिनिटाला नवी रेषा तपासता येते.

आयोजकांचे म्हणणे असे की अनोळखी ट्रॅकमुळे नोंदणी घटते, नोंदणी घटली की बक्षिसाची रक्कम घटते. हा हिशेब ज्या पायावर उभा होता तो पाया आता राहिलेला नाही. ऑनलाइन गेमिंगच्या नियमनाचा केंद्रीय कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ई-स्पोर्टला प्रोत्साहन आहे, पण त्याच्या व्याख्येत प्रवेश शुल्क केवळ स्पर्धेत नाव घालण्यासाठी किंवा व्यवस्थापनाच्या खर्चासाठी घेता येते. कामगिरीवर आधारित बक्षीस देता येते, पैज किंवा डाव चालत नाही. सर्वांनी पाचशे-पाचशे रुपये एकत्र टाकायचे आणि जिंकणाऱ्याने ते उचलायचे, ही अनेक लीगची जुनी पद्धत यापुढे धोक्याची आहे. ती आजच बंद करावी. शुल्काचा आणि बक्षिसाचा हिशेब वेगळा ठेवावा, बक्षीस प्रायोजकाकडून घ्यावे. मग गर्दी जमवण्यासाठी स्पा आणि मॉन्झा लावण्याचे कारणही उरत नाही.

सरकारी बाजूला मात्र अजून मोकळे उत्तर नाही. डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट क्रीडा मंत्रालयाकडे आणि ऑनलाइन गेमिंग इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे सोपवले गेले. मोटरस्पोर्ट चालवणारा राष्ट्रीय महासंघ तिसराच. सिम रेसिंग या तिघांच्या मधोमध येते. छोट्या गावातील लीग चालकाने कोणत्या दारी नोंदणी करायची, हे एका पानावर, मराठीत, स्पष्ट लिहून देणे ही फार मोठी मागणी नाही. कैदेची तरतूद असलेल्या कायद्यात तर मुळीच नाही.

खंडाळ्याच्या संदर्भात आणखी एक गोष्ट प्रत्येक प्रशिक्षकाने पहिल्याच दिवशी सांगितली पाहिजे. बोरघाटाचा रस्ता १८३० चा, द्रुतगती मार्ग २००२ चा. रिगवर शिकलेली बाहेर-आत-बाहेर ही रेषा ट्रॅकची पूर्ण रुंदी वापरते. घाटाच्या जुन्या दुपदरी वळणावर चालकाच्या वाट्याला अर्धाच रस्ता असतो, आणि तीच रेषा धरली की एपेक्सच्या किंवा बाहेर पडण्याच्या टप्प्यावर गाडी समोरून येणाऱ्याच्या लेनमध्ये जाते. वळणापलीकडे पहिल्या गिअरमध्ये रांगत उतरणारा ट्रक आहे, धुके आहे की दरडीचा दगड आहे, हे सांगणारा पिवळा झेंडा घाटात नसतो. रात्री रिगवर सराव करून पहाटे घाटात ‘लॅप’ मोजायला जाणारी पोरे आहेत. त्यांना रोखणे हे पोलिसांचे काम आहेच, पण आधी ते त्यांना शिकवणाऱ्यांचे आहे. घाटाची हौस असेल त्याने असेटो कोर्सामधला ट्रेंतो-बोंदोने घ्यावा. १७.३ किलोमीटरची ही इटालियन चढाईची शर्यत १९२५ पासूनची आहे, आणि शर्यतीच्या दिवशी तो रस्ता वाहतुकीला बंद असतो.

राहिला प्रश्न आपल्या ट्रॅकचा. आयरेसिंगच्या यादीत भारतातला एकही ट्रॅक नाही. बुद्ध इंटरनॅशनल सर्किट २०११ ते २०१३ च्या फॉर्म्युला वन खेळांमध्ये आले ते तिथे ग्रां प्री होत होती म्हणून. कोइम्बतूरची कारी मोटर स्पीडवे, श्रीपेरुंबुदूरजवळचा मद्रास ट्रॅक, मावळातच तळेगावजवळची नाणोली स्पीडवे, कोल्हापूरचा मोहितेंचा कार्टिंग ट्रॅक, हे सारे आखूड सरावाला अगदी योग्य. कोल्हापूरने तर ध्रुव मोहिते, चित्तेश मंडोदी यांच्यासारखे चालक दिले, आणि तिथलेच कृष्णराज महाडिक ब्रिटनच्या फॉर्म्युला ३ मालिकेपर्यंत गेले. त्या मातीतला ट्रॅक मावळातल्या मुलाला रिगवर मिळू नये, याला तांत्रिक कारण कोणतेही नाही. असेटो कोर्सासाठी ट्रॅक बनवायला ब्लेंडर आणि केएस-एडिटर पुरतात. रस्त्याचा भौतिक मेश दाट ठेवला आणि पृष्ठभागांची नावे सर्फेसेस फाइलशी जुळवली की गाडी धावू लागते. अवघड भाग मापनाचा आहे: कर्बची उंची, रस्त्याचा आडवा उतार, खड्डे आणि उंचवटे.

ब्लेंडर येणाऱ्यांनी, सर्वेक्षणाची साधने हाताळणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी आणि ट्रॅक-डेला जाणाऱ्या चालकांनी या हिवाळ्यात एकत्र यावे. ट्रॅक मालकाची परवानगी लेखी घ्यावी. जीपीएससह ऑनबोर्ड चित्रण करावे, निदान एका ओल्या दिवसाचे आणि एका कोरड्या दिवसाचे. सुरुवात नाणोलीपासून करावी, कारण ती सर्वांत जवळ आहे. लीग आयोजकांनी पुढच्या हंगामाच्या आठ फेऱ्यांपैकी तीन फेऱ्या अडीच किलोमीटरच्या आतल्या ट्रॅकवर ठेवाव्यात, त्यांतली एक पावसात. ती वेळापत्रके या मासिकाकडे पाठवावीत. फेरीगणिक सराव-टिपांसह ती पुढच्या अंकांत छापली जातील.