ग्रामसभा कागदावर नको, गावासमोर घ्या : ग्रामपंचायतीचे हिशेब व अंदाजपत्रक यांबाबत ग्रामस्थांचे निवेदन

प्रति,
मा. गटविकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती.

विषय : ग्रामसभा नियमानुसार घेणे, झालेल्या खर्चाचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवणे व त्यानंतरच पुढील वर्षाचे अंदाजपत्रक स्वीकारणे याबाबत.

संदर्भ : महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 मधील कलम 7, 8 व 62.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे ग्रामस्थ आपणास पुढीलप्रमाणे निवेदन सादर करतो.

कायद्याने आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे. आमच्या गावच्या प्रोसिडिंग बुकात चारही सभा व्यवस्थित नोंदलेल्या आहेत. गावाचा अनुभव मात्र वेगळा आहे. सभेची नोटीस कार्यालयाच्या आतल्या फळ्यावर लागते, दवंडी होत नाही. सभा ठेवली जाते कामाच्या दिवशी सकाळी अकराला, निम्मे गाव रानात असताना, आणि तीही पंधरा खुर्च्या जेमतेम मावतील अशा खोलीत. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी कमी असेल तेवढी हजेरी लागते. ती भरत नाही आणि सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्याने पुढच्या वेळी दहा-बारा जणांसमोर सगळे विषय मंजूर होतात. त्यानंतर हजेरीचे रजिस्टर घरोघर फिरते. सही करताना ठरावाचे पान कोरे असते. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. आमच्याकडे बचत गटाच्या बैठकीत घेतलेल्या सह्याच त्या सभेची हजेरी म्हणून जोडल्या जातात.

तहकुबीची सवलत अडचणीच्या प्रसंगासाठी आहे. आमच्या गावात तीच वहिवाट झाली आहे.

याचा थेट परिणाम गावाच्या पैशावर होतो. कलम 8 नुसार वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागील वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, चालू वर्षाची नियोजित कामे आणि लेखापरीक्षणाची टिपणी ठेवायची असते. हे सर्व ‘वाचून कायम’ झाल्याचे ठराव आहेत, पण त्यातला एक आकडाही सभेत वाचलेला आम्हांला आठवत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीपैकी 60 टक्के रक्कम बंधित, म्हणजे पाणी व स्वच्छतेसाठीची, आणि 40 टक्के अबंधित असते. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च व्हायला हवेत. ही टक्केवारी गावाला पाठ आहे. त्यातून कोणत्या वस्तीत काय झाले, हे मात्र कोणी सांगत नाही.

उदाहरण म्हणून खालच्या आळीतील बंदिस्त गटाराचे काम घ्यावे. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर काम पूर्ण आणि देयक अदा झालेले दिसते. प्रत्यक्षात गटार समाजमंदिराच्या कोपऱ्यावर येऊन थांबले आहे आणि त्यापुढच्या घरांचे सांडपाणी आजही रस्त्यावर वाहते. कदाचित मंजूर इस्टिमेटमध्ये लांबी तेवढीच असेल. तसे असल्यास मोजमाप पुस्तिका दाखवली की शंका मिटेल. ती मागितली असता ग्रामपंचायतीने अभियंत्यांकडे बोट दाखवले आणि अभियंत्यांनी ग्रामपंचायतीकडे.

देयके सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या डिजिटल सहीने निघतात. आमच्या कार्यालयात दोघांचे डोंगल एकाच टेबलाच्या खणात असतात आणि ते लावणारी व्यक्ती तिसरीच असते. दोघांच्या सहीची अट एकाचे दुसऱ्यावर लक्ष राहावे म्हणून आहे. दोन्ही डोंगल एकाच हाती गेले, तर त्या अटीला अर्थ उरत नाही.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे इतर गावांचाही कार्यभार आहे, ही अडचण आम्हांला मान्य आहे. परंतु येण्याचा वार ठरलेला नसल्याने एका दाखल्यासाठी लोकांची मजुरी बुडते.

या निवेदनातून आम्ही कोणावरही अपहाराचा आरोप करत नाही. सबळ कारणाशिवाय दोन ग्रामसभा न घेतल्यास सरपंचपद जाऊ शकते, ही तरतूदही आम्हांला माहीत आहे. कोणाचे पद घालवणे हा आमचा हेतू नाही. हिशेब लोकांसमोर वाचला गेला असता, तर यातील बहुतेक प्रश्न गावातच सुटले असते. म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

मागण्या

1. पुढील ग्रामसभा आपल्या प्रतिनिधीच्या उपस्थितीत, सायंकाळी, शाळेच्या पटांगणात घ्यावी. नोटीस सात दिवस आधी प्रत्येक वस्तीत लावून दवंडी द्यावी.

2. महिला सभा स्वतंत्र दिवशी घ्यावी व तिचे ठराव ग्रामसभेत वाचून दाखवावेत.

3. ठराव सभेतच लिहून, वाचून मगच सह्या घ्याव्यात. सभेनंतर घरोघर सह्या घेण्याचा प्रकार बंद करावा.

4. 2021-22 पासूनच्या वित्त आयोग निधीचा आणि ग्रामनिधीचा कामनिहाय खर्च ग्रामपंचायतीच्या दर्शनी भिंतीवर लावावा. नमुना 5 ची रोकडवही व लेखापरीक्षणातील आक्षेप त्यांच्या अनुपालनासह ग्रामसभेपुढे ठेवावेत.

5. खालच्या आळीतील गटाराची ग्रामस्थांसमक्ष मोजणी करून ती मोजमाप पुस्तिकेशी पडताळावी.

6. दोन्ही डोंगल ज्याचे त्याच्याच ताब्यात राहतील, असे लेखी आदेश द्यावेत.

7. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या गावभेटीचे वार व वेळ ठरवून फलकावर लिहावी.

8. कलम 62 नुसार आपल्या कार्यालयाकडे येणारे अंदाजपत्रक ग्रामसभेत बाबनिहाय वाचले गेल्याची खात्री झाल्याशिवाय स्वीकारू नये.

यातील शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची आहे. झालेला खर्च तपासायला वेळ लागेल, हे आम्ही समजू शकतो. पुढच्या वर्षीचा पैसा मात्र अजून खर्च झालेला नाही. तो कुठे जावा हे ठरवताना गाव हजर असणे, एवढेच आम्ही मागतो. ग्रामसभेला माणसे जमवण्याची जबाबदारी आम्ही घेतो, नियमाप्रमाणे ती बोलावण्याची जबाबदारी प्रशासनाने घ्यावी.

या निवेदनावर केलेल्या कार्यवाहीचे लेखी उत्तर पंधरा दिवसांत मिळावे. ते न मिळाल्यास पंचायत समिती कार्यालयासमोर लोकशाही मार्गाने धरणे धरण्याचा निर्णय ग्रामस्थांनी एकमताने घेतला आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

कळावे,

आपले विश्वासू,
समस्त ग्रामस्थ व महिला मंडळ

सोबत : ग्रामस्थांच्या सह्यांची यादी, गटाराच्या कामाची छायाचित्रे, पोर्टलवरील नोंदीची प्रत.

प्रत माहितीस्तव व उचित कार्यवाहीस्तव सविनय सादर :
1. मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद.
2. मा. सरपंच, ग्रामपंचायत.