जर्मनची डेग : वजन पाहावे की जाडी?

लग्नसराई जवळ आली की भांड्यांच्या दुकानांत केटरर्स मंडळींची गर्दी होते. डेगी, पातेली, चहाच्या किटल्या घेतल्या जातात आणि भाव ठरतो तो किलोवर. वजन कमी तर बिल कमी, असा सरळ हिशेब! आमच्या मते नेमका हाच हिशेब आपल्या व्यावसायिकांना महागात पडतो.

मागे एका केटररने आम्हाला आपली डेग दाखविली. दोन हंगामही झाले नव्हते आणि तळाला सुईच्या टोकाएवढी चार-पाच भोके! दुकानदार म्हणतो पाणी खराब, केटरर म्हणतो माल खराब. खरे पाहता दोघांचेही थोडे थोडे बरोबर होते.

ॲल्युमिनियम, म्हणजे आपली जर्मनची भांडी, टिकतात ती अंगावरच्या ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे. गरम पाण्यात हा थर वाढतो. म्हणूनच नव्या भांड्यात साधे पाणी उकळले की ते आतून काळे पडते. गिऱ्हाईक घाबरते, पण हा मालाचा दोष नव्हे. ‘काळे पडणार नाही’ अशी खोटी हमी देण्यापेक्षा दुकानदाराने हे समजावून सांगावे. चिंच-लिंबाने घासून भांडे रोज चकचकीत केले की तो थर निघतो व सोबत थोडा धातूही जातो. धुण्याच्या सोड्याचे गरम पाणी तर त्याहून वाईट. त्यात येणारे बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणजे भांडेच विरघळत असते.

भोक पडते ते मात्र निराळ्या कारणाने. खारट पाण्यातील क्लोराइड हा थर जागोजागी फोडते. तांब्या-पितळेच्या बंबातून किंवा तोटीतून तांब्याचा अंश आला की खड्डा झपाट्याने खोल जातो. हे उकळताना कमी, आणि कोमट पाणी रात्रभर डेगीत पडून राहिले की जास्त घडते.

आता व्यापाराची गोष्ट. कॅनडातील संशोधक एच. पी. गोडार्ड यांनी 1960 साली दाखवून दिले की, नैसर्गिक पाण्यात ॲल्युमिनियममधील खड्ड्याची खोली काळाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. सोप्या शब्दांत, खड्डा आधी भराभर आणि नंतर अगदी सावकाश खोल होतो. त्यामुळे पत्रा दुप्पट जाड असेल तर भोक पडायला दुप्पट नव्हे, सुमारे आठपट काळ लागतो. चुलीवरच्या डेगीत हा आकडा तंतोतंत उतरणार नाही, पण कल तोच राहील. किंमत दुप्पट आणि आयुष्य त्याहून कितीतरी अधिक, हा सौदा कोण नाकारील?

केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभागाने 14 मार्च 2024 रोजी ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे करणारा आदेश काढला. ते चिन्ह पाहून घ्यावेच. परंतु आमची सूचना याहून साधी आहे. दुकानदारांनी बिलावर वजनाबरोबर पत्र्याची जाडीही लिहावी आणि घेणाऱ्यांनी ती आग्रहाने लिहून घ्यावी. केटरर्सनी काम संपताच डेग धुऊन, पुसून, कोरडी करून उपडी ठेवावी. सोडा तिच्याजवळ आणू नये.

डेग मोडीत गेली की तिचे पैसे मोडीच्याच भावाने मिळतात. तेव्हा दोन पैसे वाचविल्याचा आनंद कुठे राहतो, याचा विचार खरेदीपूर्वीच केलेला बरा.