नेनकिन : केवळ म्हातारपणाची सोय नव्हे

"चार-पाच वर्षांत परतायचंच आहे, मग नेनकिनचे पैसे कशाला भरायचे?" निशी-कासाईत मराठी मंडळी जमली की हा प्रश्न हमखास निघतो. माझे स्पष्ट मत असे की, भरावेत. अपघाताने वा आजाराने कायमचे अपंगत्व आले तर याच योजनेतून पेन्शन मिळते. १९८२ पासून त्याला जपानी नागरिकत्वाची अटही नाही.

मात्र सारे एका तारखेवर अवलंबून असते. त्या दुखण्यासाठी डॉक्टरांना प्रथम दाखवले तो दिवस, म्हणजे 'शोशिनबी'. त्यानंतर भरलेली थकबाकी धरली जात नाही. नोकरदारांचे हप्ते पगारातून कापले जातात. व्यवसाय करणारे, विद्यार्थी व नोकरी बदलणारे यांनी सावध राहावे. पैशांची अडचण असल्यास वॉर्ड ऑफिसात वेळीच माफीचा अर्ज करावा. मंजूर झालेले महिने थकबाकी ठरत नाहीत. पहिल्या तपासणीचे कागद जपावेत. रुग्णालयावर नोंदी ठेवण्याचे कायदेशीर बंधन पाचच वर्षांचे आहे.

२०१६ मध्ये लागू झालेल्या भारत-जपान करारानुसार, भारतातील कंपनीने ठरावीक मुदतीसाठी पाठवलेल्यांना प्रमाणपत्र असल्यास येथील हप्ते भरावे लागत नाहीत. पण मग हे संरक्षणही मिळत नाही. अशांनी वेगळा विमा जरूर उतरवावा.

घरात अपंग मूल असेल तर अपंगत्वाच्या ओळखपुस्तिकेसाठी, म्हणजे 'तेच्यो'साठी, वॉर्ड ऑफिसात अर्ज करावा. करात व प्रवासात सवलती मिळतात. त्यासाठी नेनकिनची अट नाही. लोक काय म्हणतील या संकोचापायी मुलाचा हक्क सोडू नये, एवढेच माझे कळकळीचे सांगणे.